मागची सीट

"मागं बसलं म्हंजी काय पाय झडत्यात व्हय तुझं? मधी तेजश्री बसंल बाळाला घिऊन, तिच्याशेजारी मी. तुझी पोरं काय पाळण्यातली हायेत का आता?"

तुळजाबाईंनी हे तिसऱ्यांदा ऐकवलं तोवर सगळ्या पिशव्या गाडीत जाऊन बसल्या होत्या. अंगणात उरलं होतं ते फक्त भांडण. सविताचं म्हणणं काही फार मोठं नव्हतं. करिश्माला गाडी लागते, मागच्या काचा उघडत नाहीत, तेव्हा पोरीला मधल्या सीटवर खिडकीपाशी बसवावं. ती स्वतः बसेल मागं. हे तिनं आदल्या दिवशी नवऱ्याला सांगून पाहिलं, तर तो म्हणाला आईला विचार. आईला विचारलं, तर हे असं.

"गाडी लागती म्हणं," तुळजाबाई मोठ्या सुनेकडे न बघता धाकटीला सांगत होत्या. "आयवर गेलीय, दुसरं काय. आमच्यात न्हाई बाई कुणाला गाडी लागत."

हे मात्र खरं होतं. अकरा वर्षांपूर्वी लग्न होऊन इनामगावात येताना सवितानं वेशीपाशी जीप थांबवायला लावली होती आणि शालू सावरत, सगळ्या वऱ्हाडासमोर, बाभळीखाली ओकली होती. घरात नवा पाहुणा आला की अजूनही ती गोष्ट निघायची. सविता चहा देता देता स्वतःही हसायची. हसण्यावारी नेलं की गोष्ट लवकर संपते, हे ती शिकली होती.

सविताचे सासरे आनंदराव खांबाला टेकून चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या.

"तर असं करायचं," ते म्हणाले. गावच्या सोसायटीत दोनदा संचालक म्हणून बसल्यापासून हे वाक्य त्यांच्या तोंडी बसलं होतं. ते उच्चारलं की घरातला विषय संपायचा. "पृथ्वीराज माझ्याजवळ पुढं. सविता आन् करिश्मा मागं. चला, ऊन चढायच्या आत बीड गाठायचं."

विषय संपला. नऊ वर्षांचा पृथ्वीराज उडी मारून पुढं आजोबांच्या जागेवर जाऊन बसला. सहा वर्षांची करिश्मा आईचा पदर धरून मधल्या सीटवरून चढत मागं गेली.

निघाले होते माहूरला. घरात नवं मूल आलं की ते रेणुकेच्या पायावर घालायचं आणि येताना तुळजापूर करायचं, ही या घरची रीत. नवं मूल म्हणजे तेजश्रीचा दहा महिन्यांचा संघर्ष. तेजश्री ही सविताची धाकटी जाऊ. तिचा नवरा ज्ञानेश सणसवाडीला कंपनीत होता आणि ती दोघं तिकडेच खोली घेऊन राहायची. ज्ञानेशला काही चार दिवसांची रजा मिळाली नाही, म्हणून तो राहिला. बाकी सगळे सविताच्या नवऱ्याच्या, गोकुळच्या गाडीत.

गाडी घरचीच, पण ती घेतली होती फुलांसाठी. तीन एकरांत झेंडू आणि शेवंती. तोड झाली की मागची सीट काढायची, त्या जागी क्रेट रचायचे आणि पहाटे पुण्याच्या मार्केटला धाडायचे. शिरूरहून खत, ठिबकच्या नळ्या, फवारणीच्या बाटल्या, सगळं त्याच जागेत बसून घरी यायचं. माणसांना कुठं जायचं झालं तर बोल्ट आवळून सीट पुन्हा बसवायची. या खेपेला गोकुळनं हे काम दोन दिवस आधीच उरकलं होतं. रबरी मॅट साबणानं धुतली, उन्हात घातली, आत उदबत्ती फिरवली, आरशाला चाफ्याच्या वासाची एक छोटी बाटलीही टांगली. सविताला ते बघून बरं वाटलं होतं. नवरा आपणहून इतकं करत नाही.

तिनं आपल्या बाजूनं भर घातली. सीट टणक, म्हणून तिच्यावर गोधडी टाकली. दोन सीटांच्या मधल्या जागेत खाली आणखी एक दुहेरी घडी अंथरली. पोरीला मळमळायला लागलं की तिथं लवंडता येईल.

सविताची तयारी ही घरातली एक थट्टेची बाब होती. तिच्या कापडी पिशवीत लिंबं, ओव्याची पुडी, चुरमुरे, ओले रुमाल, जुन्या कॅरीबॅगा, जास्तीच्या चड्ड्या, सगळं ठरलेल्या जागी असायचं. "सविताचं दुकान," गोकुळ म्हणायचा. दौंडच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेली पोर. वडील रेल्वेत, सतत ड्युटीवर. आई बानूबाई घर एकटीनं ओढायची, आणि चार भावंडांत मोठी असल्यानं सविता दहाव्या वर्षापासून कुणाचं नाक, कुणाचं दप्तर, कुणाचा डबा बघत आली. बारावी झाली, लग्न झालं, आणि तेच काम इनामगावात पुढं चालू झालं. तिला नाही म्हणता येत नसे. ती "बघू" म्हणायची. सासऱ्यांशी तर ती थेट कधी बोललीच नव्हती. सांगायचं ते गोकुळला सांगायचं, तो आबांना सांगणार, आणि आबा "तर असं करायचं" म्हणणार. निम्म्या गोष्टी वाटेतच गळून जायच्या.

शिरूर मागं पडलं, नगर मागं पडलं. सूर्य वर आला तसा गोकुळनं एसी लावला आणि काचा बंद करायला सांगितल्या. तासाभरात करिश्मानं पहिली उलटी केली. सवितानं कॅरीबॅग धरली, तोंड पुसलं, लिंबू हुंगायला दिलं. सगळं नेहमीसारखं. पोरगी खाली गोधडीवर निजली, आईच्या पावलाला गाल लावून. नंतर दुसरी उलटी, तिसरी. सविताचं स्वतःचंही डोकं जड झालं होतं, डोळे चुरचुरत होते. रात्री तीनला उठून सगळ्यांच्या दशम्या केल्या होत्या, त्याचंच हे, असं तिनं मानलं.

पुढं पृथ्वीराज खिडकीतून ट्रक मोजत होता. आजोबा त्याला वाटेतल्या गावांची नावं विचारत होते. "बघ, वाघाचा बच्चा. एक उलटी न्हाई," तुळजाबाई म्हणाल्या. सवितालाही बरं वाटलं. दोन्हीकडे पळावं लागलं नाही, एवढं तरी.

ती रात्र नांदेडला एका लॉजवर. करिश्मा काही न खाता झोपली आणि सकाळी उठून चक्क पोहे मागितले. सविताला वाटलं, सुटलो. परत गाडीत बसले आणि दीड तासात पुन्हा तेच. माहूरला पोचल्यावर पोरीला कडेवर घेऊनच ती पायऱ्या चढली. पण दर्शन झालं, बाळ देवीच्या पायावर घातलं गेलं, दुपार भक्तनिवासाच्या मोकळ्या व्हरांड्यात गेली, आणि संध्याकाळी करिश्मा संघर्षपुढं माकडाच्या नकला करत होती. डाळभात ताट चाटून खाल्ला.

"आईनं हात फिरवला बग," तुळजाबाईंनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. म्हातारी नातीवर माया करायची नाही असं नव्हतं. ती मायेची वाटणी करायची, आणि वाटणीत करिश्माचा नंबर उशिरा लागायचा, एवढंच.

गाडीतून उतरलं की पोर बरी होते आणि चढली की आजारी पडते, हे सविताच्या ध्यानात आलं होतं. पण गाडी लागणं म्हणजे तरी दुसरं काय असतं? तिसऱ्या दिवशी, माहूरहून तुळजापूरच्या त्या न संपणाऱ्या रस्त्यावर, तेजश्रीनं मागं वळून बघितलं आणि म्हणाली, ताई, थोडा वेळ मी बसते मागं, करिश्माला इकडं द्या. तुळजाबाई म्हणाल्या, तान्ह्या लेकराला घेऊन मागं बसतीस व्हय गं, शहाणी हायेस. वर्षातून दोनदा येणारी सून, तिचं तरी किती चालणार. तेजश्रीनं आपली पाण्याची बाटली तेवढी मागं दिली.

चौथ्या दिवशी तुळजापुरात दर्शनाला चार तास गेले. मे महिन्याचा शेवट. पार्किंगच्या उघड्या मैदानात गाडी भट्टीसारखी तापली होती. दार उघडलं तशी आतून एक वाफ आली. सगळ्यांनी ती थोडा वेळ बाहेर जाऊ दिली आणि आत बसले. गोकुळनं एसी पुरता फिरवला. तेवढ्यात सविताच्या आईचा फोन आला. बानूबाईंना ठाऊक होतं की येताना गाडी दौंडवरून जाणार. घरी नको येऊ, म्हणाल्या, पण रस्त्याला दोन मिनिटं उभी राहा, मी पोरांची तोंडं बघून जाईन. सवितानं सांगितलं, आई, या खेपेला नाही जमायचं.

नाही जमायचं, कारण देवाहून परतताना वाटेत कुणाचा उंबरा ओलांडायचा नाही. देवीची परडी, कुंकू, प्रसाद, सगळं थेट आपल्या देव्हाऱ्यापुढं ठेवायचं, नाहीतर केलेलं पुण्य वाटेतल्या घरी राहतं. हे तुळजाबाईंनी निघायच्या आधी सगळ्यांसमोर बजावलं होतं, आणि बजावताना बघितलं होतं ते सविताकडं. त्यालाही कारण होतं. दोन वर्षांपूर्वी सोलापूरचं एक लग्न करून येताना सवितानं दहा मिनिटं माहेरी थांबायची गळ घातली होती, डोकं दुखतंय म्हणून. तेव्हापासून तुळजाबाईंचं एक वाक्य तयार झालं होतं: दौंड आलं की हिला कायतरी व्हतंच.

सोलापूर गेलं, टेंभुर्णी गेलं. इंदापूरच्या अलीकडं करिश्माची उलटी थांबली, कारण पोटात काही उरलंच नव्हतं. आता तिच्या तोंडातून लाळ गळत होती. सविता पुसायची आणि पुन्हा हनुवटी ओली. अंग घामानं निथळत होतं, एवढा एसी चालू असून. डोळ्यांतून पाणी. "करिश्मा, ए बाळा," तिनं हाक मारली, तर पोरीनं बघितलं, पण आईकडं नाही, आईच्या पलीकडं कुठंतरी.

ही साधी गाडी लागलेली नाही, हे सविताला त्या क्षणी कळलं. अगदी स्वच्छ कळलं. आणि ती काही बोलली नाही.

पुढं कितीतरी दिवस ती हा हिशेब करत राहिली. इंदापूर ते कुरकुंभ, तास-सव्वा तास. एवढा वेळ आपण का गप्प बसलो? भिगवण आलं तेव्हा बोलता आलं असतं. तिथंही डॉक्टर होते. पण तिच्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं: आता थांबा म्हटलं तर त्या म्हणतील, आलं दौंड जवळ. पाठीमागं बसून ती शब्द जुळवत होती, असे शब्द की ज्यांत दौंडचं नाव येणार नाही. पोरगी हातात लोळागोळा होत चालली होती आणि आई वाक्य शोधत होती.

कुरकुंभला हायवे सोडून गाडी दौंडच्या रस्त्याला लागली तेव्हा करिश्माचा श्वास घरघरायला लागला.

"अहो, गाडी दवाखान्यात घ्या," सविता म्हणाली. "पोरीचं काही खरं नाही."

गोकुळनं आरशातून मागं बघितलं, मग शेजारी वडिलांकडं.

"आलं दौंड," तुळजाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. नुसतं नोंदवल्यासारखं. "गोकुळ, परडी हाय गाडीत. पूल वलांडला की पाऊण तासात घर. परडी ठिऊ, मग ने शिरूरला दवाखान्यात कुटं न्यायचं तिकडं."

"आत्या, मी आईकडं नाही म्हणत. दवाखाना म्हणते."

"मी कुटं काय म्हणले?"

आनंदराव म्हणाले, पाऊण तासानं काही होत नाही, पाणी पाज. गोकुळनं गाडीचा वेग वाढवला. त्याच्या परीनं त्यानं मधला मार्ग काढला होता.

मागच्या सीटवरच्या माणसाला स्वतःहून उतरता येत नाही. मधल्या सीटवरचं माणूस उठलं, सीट दुमडली, तरच वाट होते. सविता अकरा वर्षांत या गोष्टीवर कधी थांबून विचार करायला गेली नव्हती. आता ती पुढच्या सीटच्या पाठीवर मूठ आपटत होती आणि कुणी वळून बघत नव्हतं. वळली फक्त तेजश्री. तिनं करिश्माचं तोंड बघितलं, आणि दौंडची पहिली दुकानं लागली तशी म्हणाली, "भावजी, थांबवा. संघर्षनं घाण केलीय, आत्यांच्या लुगड्याला लागंल."

गाडी लगेच थांबली. तेजश्री बाळाला घेऊन उतरली, आणि उतरता उतरता तिनं सीटचा खटका ओढून ती पुढं पाडली. बाळाचं लंगोट कोरडं होतं. तुळजाबाईंना ते दिसेपर्यंत सविता पोरीला खांद्यावर टाकून बाहेर आली होती, पायांत चपला नव्हत्या, आणि तिनं रिक्षा हात करून थांबवली होती. मागून गोकुळनं हाक मारली. ती रिक्षात बसून निघून गेली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या डोळ्यांवर टॉर्च मारला, एक डोळा, मग दुसरा. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. त्यांनी सिस्टरला पोरीचे कपडे काढून अंग साबणानं धुवायला सांगितलं, एक इंजेक्शन भरलं, आणि मग विचारलं की शेती आहे का, फवारणी कधी केली. सविता म्हणाली, चार दिवस आम्ही घरीच नाही, गाडीतच आहोत.

"मग गाडीत काय होतं?"

गोकुळ तोवर येऊन दारात उभा राहिला होता. तो भिंतीवरच्या लसींच्या तक्त्याकडं बघत होता. सविता त्याला ओळखत होती. त्याचं असं तक्त्याकडं बघणं तिनं ओळखलं.

"सांडलं होतं," तो म्हणाला. "गेल्या आठवड्यात. थ्रिप्सच्या किडीवरचं औषध आणलं होतं, बाटलीचं झाकण चिरलेलं निघालं. मॅट धुतली की मी. दोन दिवस उन्हात होती."

"आणि मॅटच्या खाली?"

"खाली गालिचा हाय." तो म्हणाला, "तो वाळला होता."

डॉक्टरीणबाई इंजेक्शन देऊन झाल्यावर म्हणाल्या, बंद गाडी, उन्हाळा, चार दिवस. कुणालाच वास आला नाही?

गोकुळ खाली बघत होता. सविताला मात्र उत्तर माहीत होतं. वास आला होता. पहिल्या दिवशी पहाटे मागं चढून बसल्याबरोबर तिला तो आला होता, उदबत्तीच्या आणि चाफ्याच्या खालून. पण तो वास गोकुळच्या शर्टांना होता, उशांना होता, न्हाणीत टांगलेल्या टॉवेलला होता. हंगामात चौथ्या-पाचव्या दिवशी फवारणी. तिला तो वास औषधाचा म्हणून कळलाच नाही. नवऱ्याचा वाटला, घराचा वाटला. आणि त्याच्यावर गोधडी अंथरून, लेकीचं नाक त्याच गालिच्याला लागेल असं तिनं तिला चार दिवस निजवलं होतं. स्वतःच्या हातानं.

बाहेरच्या बाकावर तिनं नवऱ्याला एकच विचारलं, निघताना का नाही सांगितलं? तो म्हणाला, आई म्हणली असती, यात्रेच्या तोंडावर विषाची बाटली फुटली, अपशकुन झाला. उगाच सगळ्यांचा विरस. त्याला वाटलं होतं की वाळलं म्हणजे गेलं. एवढं बोलून तो रडायला लागला. सवितानं त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. तिला त्याचा राग आला होता असंही नाही. तिच्याकडं त्या वेळी हात रिकामा नव्हता.

गोकुळ म्हाताऱ्यांना, पृथ्वीराजला आणि तेजश्रीला मागं कुणाला न बसवता, काचा उघड्या टाकून घरी सोडून आला. परडी देव्हाऱ्यापुढं पोचली. पोरीच्या बाहुल्या दुसऱ्या दिवशी दुपारी पूर्ववत झाल्या. बानूबाई डबा घेऊन यायच्या आणि दवाखान्याच्या फाटकापाशीच थांबायच्या. तुझ्या सासूला बोलायला जागा नको, म्हणायच्या. तिसऱ्या दिवशी सविताच्या भावानं मायलेकींना आपल्या मोटरसायकलवर इनामगावला आणून सोडलं. करिश्मा मधे बसली होती, वाऱ्याला तोंड करून. तिला एकदाही मळमळलं नाही.

घरी तुळजाबाईंनी नातीवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, तिचे पाय दाबले, तिच्या वाटणीचा प्रसाद राखून ठेवला होता तो भरवला. पण शेजारच्या हौसरावांची मंडळी विचारपूस करायला आली तेव्हा त्या सांगत होत्या की अर्ध्या वाटेत गाडी थांबवली, देवीची परडी रस्त्यात ताटकळली, त्याचा हा फेरा. यात्रा अर्धवट राहिल्यासारखी झाली. आता जेजुरी करून आल्याशिवाय यात्रेच्या सांगतेचं जेवण, मावंदं, घालता यायचं नाही. आणि पोरीची प्रकृतीही, म्हणाल्या, पहिल्यापासूनच नाजूक, आयवर गेलीय.

सवितानं ते चुलीपाशी ऐकलं. ती त्या दिवशी घर बघत होती. अकरा वर्षं आवरलेलं घर, पण बघत होती पहिल्यांदा. फवारणीचा पंप पाण्याच्या हंड्यांशेजारी टेकवलेला. खिडकीत तीन बाटल्या, त्यांच्याखाली पृथ्वीराजचं दप्तर. न्हाणीतलं पाणी घ्यायचं प्लास्टिकचं भांडं म्हणजे औषधाचा कॅन निम्मा कापून तिनंच केलेलं. दोन वर्षं पोरं त्यानं अंघोळ करत होती. तिनं ते भांडं उचललं, बराच वेळ हातात धरलं. मग दुपारी सगळे आडवे झाल्यावर ती कामाला लागली. विहिरीवरच्या खोलीपर्यंत तिच्या चार खेपा झाल्या. गोकुळ ओसरीवर जागाच होता. त्यानं बघितलं, आणि चौथ्या खेपेला उठून पंप त्यानं उचलला.

संध्याकाळची जेवणं झाली. उजेड अजून होता. आनंदरावांनी ताटातच हात धुतले, मिशा पुसल्या.

"तर असं करायचं," ते म्हणाले. "रविवारी जेजुरी करून घ्यायची, मंगळवारी मावंदं. गोकुळनं गालिचा काढून जाळलाय, गाडी दोनदा धुतलीय. झालं गेलं. समद्यांनी गाडीतच बसायचं, आपली घरची गाडी असताना लोकांत शोभा नको. पृथ्वीराज माझ्याजवळ पुढं."

पृथ्वीराज हसला. तुळजाबाईंनी मान डोलावली. गोकुळनं बायकोकडं बघितलं, नेहमीसारखं. म्हणजे तिला काही सांगायचं असेल तर ती नंतर त्याला सांगेल, आणि तो बघेल.

सविता ताकाची कासंडी घेऊन उभी होती. ती तिनं खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि सासऱ्यांच्या समोर आली. आवाज चढला नाही. उद्या भाजी कोणती करायची ते सांगावं तशी ती म्हणाली,

"आबा, रविवारी मी आणि दोन्ही पोरं एसटीनं जेजुरीला येऊ. त्या गाडीत पोरं परत बसणार नाहीत, पुढं नाही आणि मागंही नाही. ती फुलांची गाडी आहे, तिच्यात फुलं जातील. फवारणीच्या बाटल्या मी विहिरीवरच्या खोलीत ठेवल्यात, कुलूप लावलंय, किल्ली माझ्याजवळ राहील. आणि येताना आम्ही तिघं दौंडला उतरू. आईकडं जेवू, मग घरी येऊ."